थांबण्याची हाक

त्या राज्यात एकदा सुरू झालेले काम आपोआप थांबत नसे. हुकूम सुटला की घुशींच्या टोळ्या जमिनीखाली खणत सुटत, आणि त्यांना थांबवायचे कसे, याची रीत प्रत्येक टोळीची वेगळी. पूर्वेच्या घुशी एका शिट्टीने थांबत. तीच शिट्टी पश्चिमेला घातली, तर तिथल्या घुशी शेजारी तसेच आणखी एक बीळ खणून ठेवत.

टिटवीची अंडी उघड्या माळावर होती आणि खणण्याचा आवाज त्यांच्याच दिशेने येत होता. ही टोळी कशाने थांबते, हे तिला कोणी सांगेना. शिट्टी घालून पाहायची तिची छाती होत नव्हती.

अखेर राज्याचा कारभारी साळिंदर याने सभा भरवली. साऱ्या टोळ्यांना एकच हाक लागू करायची होती. नुसती हाक नको, यावर सर्वांचे एकमत झाले. तशा हाका गप्पांतही निघतात, आणि कोणाच्या तरी बडबडीने चालू काम मोडायचे. म्हणून एका पायाने दगड दाबून धरावा आणि तो दाबलेला असतानाच हाक द्यावी, असे ठरले. हाक कोणाची, यावर मात्र हमरीतुमरी झाली. तेव्हा घुशींची म्हातारी मुकादम उठली आणि तिने टिटवीची हाक सुचवली.

टिटवी चपापली. जिचे ओरडणे सारे राज्य अशुभ मानी, तिची हाक घुशीला एकाएकी गोड कशी लागली? कुठेतरी पाणी मुरत होते.

"हाक तुमची," मुकादम नम्रपणे म्हणाली. "थांबायचं कसं, तेवढं आमचं आम्हाला ठरवू द्या."

साळिंदराला ही मागणी फार माफक वाटली आणि त्याने ती लगेच मान्य केली. थांबणे म्हणजे थांबणे, त्यात ठरवायचे काय, असे टिटवीने विचारले. सभा हसली. हिला बाई उठल्यासुटल्या संशय, असे म्हणत जो तो घरी गेला.

पुढे खणणे अगदी घरट्याखाली आले. टिटवीने दगड दाबला आणि जीव तोडून हाक दिली. आवाज तत्काळ थांबला. साळिंदर स्वतः येऊन अभिनंदन करून गेला.

टिटवी अंड्यांवर बसली, पण तिचे मन काही लागेना. काम संपले असते तर घुशी घरी परतल्या असत्या. बिळाच्या तोंडातून तर एकही बाहेर पडली नव्हती. तिने चोचीने माती उकरली. दोन बोटे माती निघाली आणि खाली भोक पडले.

"थांबलो ना बाई?" आतून मुकादम हळूच म्हणाली.

टिटवीने वाकून पाहिले. भुयारात घुशी ओळीने उभ्या होत्या, डोळे उघडे, कान पुढच्या हुकमासाठी टवकारलेले. एकही हलत नव्हती. आणि प्रत्येकीचा पुढचा पंजा घरट्याखालच्या मातीत रुतवलेला होता.