न गाळलेला चहा

कुडाळजवळच्या काढ्यांच्या कारखान्यात उर्मिला वायंगणकर प्रयोगशाळा सांभाळायची. नमुने गाळायचे फिल्टर संपले होते आणि मालक मोकाशीसाहेब नवे मागवू देत नव्हते. काढा न गाळता तपासणीच्या यंत्रात सोडला, तर आतली कॉलम नावाची नाजूक नळी कायमची तुंबेल, हे सांगून ती थकली होती.

"दिसतोय की स्वच्छ! सोडा तसाच," साहेब सर्वांदेखत गरजले.

उर्मिलाने साहेबांचा चहा स्वतः करून आणला. पहिल्याच घोटाला साहेबांनी चोथा थुंकला.

"अहो, गाळला नाहीत?"

"वरून स्वच्छच दिसत होता, साहेब. तुम्हाला निदान थुंकता तरी आलं. कॉलमला तेही येत नाही."

साहेबांनी ओठ पुसले आणि फिल्टरच्या मागणीपत्रावर सही केली.