मुंग्यांची साक्ष

साखर कारखान्याचे मॅनेजर मुळीकसाहेब महासंशयी. स्वतःला मधुमेह निघाला, तसा त्यांनी सगळ्या ऑफिसचा चहा बिनसाखरेचा करून टाकला.

एके दिवशी त्यांचा लॅपटॉप बंद पडला. आत चहा गेला होता. संशय थेट क्लार्क हेमलताबाईंवर.

"तुम्हीच सांडलात! कबूल करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

दुरुस्तीवाल्याने सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला. आतून मुंग्यांची रांगच निघाली.

हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमचा चहा तुमच्या हुकमाचा. त्याच्याकडे मुंगी ढुंकूनही बघत नाही. वहिनींना फोन करून सांगू का, इथे गोड चहा कोण पितं ते?"

साहेबांनी घाईघाईने बाकीच्यांना बाहेर काढून दार लावलं. "सांडला माझ्याच हातून. पण घरी काही बोलू नका, बाई!"