चीकी कुणाला म्हणायचं?

पाहायला आलेल्या पाहुण्यांना मुलीनं उलट प्रश्न विचारायचा नाही, असा आमच्या घरचा नियम. तो का आहे, हेही विचारायचं नाही.

त्या रविवारी निशांत मला पाहायला मिरजेला आला. सोबत त्याचे काका होते, तीस वर्षं इंग्लंडात राहिलेले भालचंद्रराव. पोह्यांची बशी हातात घेताघेताच त्यांनी विचारलं, “लग्नानंतर नोकरी सोडशील ना?”

“आणि निशांत काय सोडणार?” मी विचारलं.

काका खो खो हसले. “चीकी आहे हं मुलगी!”

बाबांना ते कौतुक वाटलं, म्हणून तेही हसले. आत्याला शिवी वाटली, म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, “नाही हो, तशी गरीब आहे ती.” आभार मानावेत की भांडावं, मलाही कळेना.

“अगं, तिकडे प्रेमानं म्हणतात,” काका म्हणाले. “आगाऊ, पण गोड.”

“मग तुमच्या साहेबाला कधी म्हणालात?”

“छे! साहेबाला कसं म्हणणार? नातवंडांना म्हणतो, सुनेला म्हणतो.”

“आणि साहेबानंच असं काही विचारलं तर?”

“त्याला स्पष्टवक्ता म्हणायचं.”

“म्हणजे तुमच्या घरात सून काहीही बोलली, तरी ते गोडच ठरणार. उत्तर कुणी देणार नाही.” मी उठले. “काका, माझा या लग्नाला नकार आहे. तो तुमच्या साहेबानं दिलाय असं समजा.”

आत्यानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे.