सगुणाचा एकोणचाळिसावा तांब्या

नदीकाठच्या एका गावात सगुणा नावाची भाविक बाई राहत होती. तिची लेक सुनंदा तापाने फणफणली, तेव्हा ती महादेवाला बोलली, "पोर बरी होऊ दे. चाळीस दिवस तिन्हीसांजेला तुला तांब्याभर दुधाचा अभिषेक घालीन, एकही दिवस चुकवणार नाही." पोर बरी झाली. सगुणा नेमाला लागली.

घरची तांबू गाय नुकतीच व्यायली होती. सगुणा गोऱ्ह्याला सडाशी लावी आणि गायीला पान्हा फुटला की लगेच ओढून खुंटीला बांधी. तांब्याभर दूध देवाला, बाकीचं डेअरीला. गोऱ्ह्याला उरेल ते, आणि उरत फारसं नसे. तो हंबरे, तेव्हा ती मनाशी म्हणे, चाळीस दिवस तर काढायचेत.

एकोणचाळिसाव्या दिवशी वसुबारस आली. संध्याकाळी शेजारणी ताटं घेऊन गाय-वासराच्या पूजेला जमल्या. कुंकू लावायला सगुणाने गोऱ्ह्याची मान वर धरली. हात काढताच मान खाली पडली. तो बसला होता, तो उठेचना.

द्वारकाकाकू म्हणाल्या, "अगं, याच्या हाडांवर लुगडं वाळत घालता येईल. आज आपण कुणी गायीचं दूध तोंडाला लावत नाही. मग याच्या वाटचं गेलं कुठं?"

सगुणाच्या हातात रिकामा तांब्या होता. नेम मोडला आणि पोरीला पुन्हा ताप भरला तर? तरी तिने तांब्या खाली ठेवला, गोऱ्ह्याला कवेत उचललं आणि त्याचं तोंड सडाला लावलं. आधी तो नुसताच हुंगत राहिला. मग चुटुचुटु पिऊ लागला. तांबू त्याला चाटत राहिली.

त्या दिवशी सगुणा देवळात पाणी घेऊन गेली. गुरवकाकांना तिने सगळं सांगितलं. "काका, देव रागावेल का हो?"

काका हसले. "पोरी, महादेवाचं पाण्यावर भागतं. वासराचं भागत नाही."

घरी येऊन तिने आधी सुनंदाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. गोठ्यात गोऱ्हा चार पायांवर उभा राहून आईला ढुशा देत होता. सगुणाने किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेव्हापासून तिच्या गोठ्यात दोन सड वासराचे, दोन घराचे. डेअरीची किटली थोडी हलकी जाते.

तात्पर्य: देवाला द्यायचं ते आपल्या वाट्यातलं द्यावं, मुक्या जिवाच्या तोंडचं काढून केलेली भक्ती देवालाही गोड लागत नाही.