डाळिंबी ठिपके

“...म्हणजे हे कुणी उघडलं होतं की नव्हतं, एवढंच मला हवंय. सांगता येईल ना, सर?”

मिलिंद अष्टपुत्रे अजून उंबऱ्यातच उभा होता. खांद्यावरची बॅग त्याने खाली ठेवली नव्हती.

मुजावरसर म्हणाले, “आधी आत तरी ये की रे.”

गडहिंग्लजच्या तंत्रशाळेत सरांनी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्ती शिकवली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत त्यांनी जुने घरगुती कॉम्प्युटर जमवले. टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचे, ते. लांबून लोक आपापली यंत्रे घेऊन त्यांच्याकडे येतात. मिलिंद त्यांचा जुना विद्यार्थी. आता पुण्यात त्याची एक खोली भरून अशी यंत्रे आहेत, काचेच्या कपाटांत. पेपरात फोटो आला होता त्याचा. सरांकडे मात्र तो कित्येक वर्षांनी येत होता.

मी कोपऱ्यात कॅसेटी पुसत बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बॅगेची चेन पुन्हा तपासली.

“हा आपलाच आहे,” सर म्हणाले. “बोल.”

मिलिंदने बॅगेतून यंत्र काढले. जुन्या चादरीत गुंडाळलेले. टाइपरायटरसारखे चपटे, करड्या रंगाचे. त्याने ते उपडे केले. खालच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा डाळिंबी ठिपका होता.

सर म्हणाले, “नटवलंयस की.”

“खूण आहे, सर. स्क्रू फिरला की ठिपका मोडतो. खरे संग्राहक असंच करतात.”

“मग खोटे काय करतात?”

मिलिंद हसला नाही. त्याने मोबाइल काढून यंत्राचे चारी बाजूंनी फोटो घेतले. नंतर टेबलाचा घेतला. सरांच्या हत्यारांचाही घेतला.

सर म्हणाले, “चष्म्याचा पण काढ. उद्या म्हणशील, बदलला.”

सरांच्या पत्नी, भाभी, चहा ठेवून गेल्या. मिलिंदने कप हातात घेतला नाही. यंत्राजवळ पातळ पदार्थ नको, म्हणाला, आणि कप खिडकीत ठेवला.

“कुणावर संशय आहे?” सरांनी विचारले.

“शिरीषवर. माझा मोठा भाऊ.”

...

“वडिलांनी मस्कतहून आणलं होतं हे. आख्ख्या गल्लीत एकच. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, हे माझ्याकडे आलं. पण तेव्हा माझी जागा लहान होती. म्हणून काही वर्षं त्याच्याच घरी ठेवावं लागलं. ठेवताना मी स्वतः चालवून पाहिलं, सर. व्यवस्थित चालत होतं. मग ठिपके लावले आणि ठेवलं.”

“आणि?”

“आणायला गेलो तर मेलेलं. दिवासुद्धा लागेना. आत दुर्मिळ चिप आहेत, आज त्यांना भाव आहे. शिरीष म्हणाला, मी हातही लावला नाही.”

“मग?”

“मग काय... बोलणं बंद.”

“आणि यंत्र?”

“कपाटात. तसंच.”

“तू तरी उघडून बघायचं.”

“पुरावा आहे तो, सर! मी उघडलं असतं तर ठिपके माझ्याच हातानं मोडले असते. मग कुणाला काय दाखवणार?”

सरांनी यंत्र उजेडाकडे वळवले.

“मग आज का आणलंस?”

मिलिंदने बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

“रविवारी त्याच्या मुलीचं लग्न आहे. सायलीचं. तिनं स्वतः फोन केला. काका, तुम्ही आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, म्हणाली. हे तिचं तिला सुचलं की शिरीषनं शिकवलं, कोण जाणे... त्यानं चोरी केली असेल तर मी त्या मांडवात पाय ठेवणार नाही. नसेल केली, तर बघू.”

“म्हणजे लग्नाचं या स्क्रूंवर आहे.”

“तुम्ही सांगाल त्यावर आहे.”

सरांनी भिंग त्याच्याकडे सरकवले. मिलिंदने एकेक ठिपका पाहिला. कडा शाबूत. एकालाही चीर नव्हती.

“मोडलेला नाही ना एकही?” सर म्हणाले.

“परत लावला असेल.”

“हाच रंग?”

“दुकानात मिळतो की.” त्याने खिशातून नेलपॉलिशची नवी बाटली काढून टेबलावर ठेवली. “तुम्ही उघडल्यावर परत लावायला मीच येताना घेतली. हाच नंबर. मला मिळते तर त्याला नाही मिळणार?”

सरांनी बाटली उजेडात धरून पाहिली. खाली ठेवली. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मुठीची बाजू मिलिंदकडे केली.

“तूच उघड.”

“मी?”

“मी उघडलं तर रविवारनंतर माझ्यावर येईल.”

मिलिंदने स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिला ठिपका मोडला तेव्हा त्याने डोळे मिटले. डाळिंबी कपच्या टेबलावर पडत गेल्या.

झाकण निघाले आणि खोलीत वास सुटला. सुक्या मासळीसारखा.

मिलिंदने आधी चिप पाहिल्या. मोबाइलमध्ये अशाच दुसऱ्या यंत्राच्या आतला फोटो होता, त्याच्याशी ताडून पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. मग त्याचे लक्ष कोपऱ्याकडे गेले. तिथे बोर्डावर हिरवट पांढरी बुरशी चढल्यासारखे दिसत होते. तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. त्या सगळ्याच्या मधोमध एक छोटी बॅटरी होती, फुटलेली.

“हे कुणी केलं?” मिलिंद म्हणाला.

“तिनंच. घड्याळ चालू राहावं म्हणून बसवलेली असते. यंत्र चालवत राहिलं की भरत राहते. पडून राहिलं की रिकामी होते, मग पाझरायला लागते.”

“म्हणजे मधूनमधून चालवलं असतं तर?”

“बरेच दिवस टिकली असती.”

मिलिंद ताठ झाला. त्याचा आवाज चढला.

“बघा! म्हणजे त्यानं एकदाही चालू केलं नाही! इतकी वर्षं घरात होतं, महिन्यातून एकदा बटण दाबायला काय झालं होतं त्याला? मुद्दामच...”

“ठेवताना तू त्याला काय सांगितलं होतंस?”

मिलिंदने भिंग उचलले, पुन्हा खाली ठेवले.

...

“काय सांगितलं होतंस?”

“हात लावू नकोस म्हणून.”

मी पुसत असलेली कॅसेट हातात तशीच राहिली.

सर उठले. बाजूला त्यांचे स्वतःचे एक यंत्र होते, त्याच जातीचे. निम्मी बटणे दुसऱ्याच रंगाची, झाकणाला चिकटपट्टी. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी ते उघडतोच. त्यांनी कॅसेट लावली. टीव्हीतून प्रोग्राम चढतानाची ती जुनी किंकाळी सुरू झाली, पडद्यावर रंगीत पट्टे धावू लागले.

मिलिंदचा चेहरा बदलला. तो टीव्हीजवळ सरकला.

“मासिकातून प्रोग्राम उतरवायचो आम्ही,” तो म्हणाला. “शिरीष वाचायचा, मी टाइप करायचो. सगळी दुपार जायची त्यात. शेवटी चालवलं की चूक आहे म्हणून यायचं. मी म्हणायचो, तू चुकीचं वाचलंस...”

“आणि असायची कुणाची?”

“पुन्हा पहिल्यापासून वाचायचा तो. न चिडता.”

“कुणाची असायची?”

मिलिंद पडद्याकडे पाहत होता. पट्टे थांबले, खेळ उघडला.

“माझी,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “बहुतेक वेळा.”

सरांनी भाभींकडून अर्धे लिंबू मागवून घेतले आणि बॅटरीचा क्षार मारायला बोर्डाच्या कोपऱ्यावर पिळले. बारीक फेस आला.

“दुरुस्त होईल?” मिलिंदने विचारले.

“रेषा नव्यानं ओढाव्या लागतील. बॅटरी काढून टाकायची.”

“मग ते मूळचं राहणार नाही.”

“चालेल मात्र.”

“तुमच्याकडे ठेवून जाऊ?”

“ठेव.”

मिलिंदने झाकण बसवले, एकेक स्क्रू पिळला. मग सवयीने त्याचा हात बाटलीकडे गेला. त्याने टोपण फिरवले, कुंचला बाहेर काढला. पहिल्या स्क्रूवर तो धरला आणि सरांकडे पाहिले.

“रागावू नका, सर. तुमच्यावर संशय नाही. पण ठेवून चाललोय, तर...”

कुंचल्याच्या टोकाशी डाळिंबी थेंब जमत होता.

त्यांनी हळूच त्याच्या हातातून कुंचला घेतला, बाटलीत घातला आणि टोपण घट्ट फिरवले. टेबलावरच्या कपच्या हाताने झाडून टाकल्या. मग बाटली मिलिंदच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

“ही सायलीला दे,” ते म्हणाले. “रंग चांगला आहे.”