कापून टाकलेला टायमिंग बेल्ट

एकदा एक धडधाकट टायमिंग बेल्ट भर दुपारी मालकादेखत कापला गेला. ज्यांनी कापला ते गाड्या दुरुस्त करणारे एक वृद्ध उस्ताद होते, आणि शेजारी उभा होता तो त्यांचा शिष्य नवनाथ. घाटाच्या पायथ्याशी त्यांचे गॅरेज होते. घाट चढणाऱ्या गाड्या तिथे थांबत, हवा-पाणी पाहून घेत आणि मगच पुढे जात, असा त्या जागेचा लौकिक होता.

उस्तादांचे वय झाले होते. हात अजून स्थिर होते, पण गाडीखाली शिरले की पुन्हा उभे राहायला वेळ लागे. येत्या पाडव्याला गॅरेज नवनाथच्या हवाली करायचे, असे त्यांनी जाहीर करून टाकले होते. नवनाथ तिथेच काम शिकला, तिथे असतानाच त्याचे लग्न झाले, तो बाप झाला, आणि आता मालक होणार होता. पाटीवर आपले नाव कसे दिसेल हे तो मनातल्या मनात लिहून पाहत असे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच की गॅरेजचे निम्म्याहून अधिक काम एकट्या शेठजींचे होते. शेठजी गावातले मोठे कापड व्यापारी. दुकानाच्या जोडीला त्यांनी प्रवासी गाड्यांचा धंदा काढला होता आणि त्या सगळ्या गाड्या इथेच दुरुस्तीला येत. शेठजी आहेत तोवर गॅरेज आहे, हे नवनाथने केव्हाच ओळखले होते.

उस्तादांची एक रीत होती. बदललेला जुना भाग मालकाच्या हातात द्यायचा. नवा भाग खरोखर बसवला की नुसतेच बिल लावले, ही शंका कुणाच्या मनात राहू नये, हा त्यामागचा हेतू. ही रीत नवनाथला इतकी प्रिय होती की त्या दिवशी त्याने ती जरा घाईनेच पाळली.

झाले असे, की शेठजींची एक मोठी गाडी सर्व्हिसिंगला आली. दुसऱ्या दिवशी तिला लग्नाचे वऱ्हाड घेऊन घाट ओलांडायचा होता. तिचा टायमिंग बेल्ट ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे गेला होता. हा बेल्ट म्हणजे इंजिनातला एक दातेरी रबरी पट्टा. इंजिनाचे वरचे आणि खालचे भाग एकमेकांवर न आदळता आपापल्या वेळी हलतात ते त्याच्यामुळे. चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन जागच्या जागी बंद पडते, आणि त्यानंतर ब्रेक दाबायला पायातली सगळी ताकद लावावी लागते. बेल्ट बदलायला शेठजींनी फोनवर लगेच होकार दिला होता. खर्च त्यांनी विचारला तो गॅरेजमध्ये आल्यावर.

नवनाथने सांगितला. बेल्ट, त्यासोबतची बेअरिंगे, पाण्याचा पंप आणि मजुरी मिळून नऊ हजारांच्या आसपास. आणि बोलता बोलता, रीतीप्रमाणे, त्याने काढलेला जुना बेल्ट शेठजींच्या हातात ठेवला. नवा अजून खोक्यातच होता. चूक झाली ती इथे.

शेठजींचे आयुष्य कापड पारखण्यात गेले होते. त्यांनी बेल्ट बोटांत धरून ताणला, उलटा केला, उजेडात नेऊन पाहिला. कुठे चीर नाही, दाते शाबूत, कडा उसवलेल्या नाहीत. त्यांचा चेहरा खुलला. हा तर नव्यासारखा आहे, ते म्हणाले. हाच परत बसवा, मजुरी घ्या आणि खोके दुकानात परत पाठवा. नवनाथने मुदतीची गोष्ट काढली तेव्हा शेठजी हसले. मुदत औषधाला असते, रबराला कसली मुदत? मग हसू आवरून त्यांनी हेही सुचवले की गावात गॅरेज काही हे एकच नाही, आणि आपल्या गाड्यांना चाके आहेत.

 नवनाथने पाना उचलला. मनाने भराभर समजूत काढायला सुरुवात केली होती: बेल्ट दिसतो तर धड, एवढी एक फेरी निघून जाईल, पाडव्यानंतर आपण मालक झालो की मग आपल्या मनासारखे करू. बेल्ट परत घेण्यासाठी त्याने शेठजींपुढे हात केला.

बाकावर चहा पीत बसलेले उस्ताद तेव्हा उठले. त्यांनी कप खाली ठेवला, शेठजींच्या हातून बेल्ट अदबीने घेतला, पत्रा कापायची कात्री उचलली आणि बेल्टचे दोन तुकडे केले. मग ते तुकडे पुन्हा शेठजींच्या हातात दिले.

"हा तुमचा जुना माल," ते म्हणाले. "आता नवा बसवतो. पैसे नका देऊ. पण या बेल्टवर वऱ्हाड माझ्या दारातून जाणार नाही."

शेठजी लाल झाले. माझ्या वस्तूला कात्री लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. अधिकार नव्हता हे उस्तादांनी कबूल केले. त्याची भरपाई म्हणून सगळा खर्च आपल्या अंगावर घेतो, हेही सांगितले. माफी मात्र मागितली नाही. संध्याकाळी गाडी नव्या बेल्टवर बाहेर पडली आणि मागोमाग शेठजींचा निरोप आला, की यापुढे त्यांची एकही गाडी या गॅरेजची पायरी चढणार नाही. वऱ्हाड सुखरूप गेले आणि सुखरूप परतले. त्यांना यातले काही कळले नाही, कळायचे कारणही नव्हते.

नवनाथला मात्र रडू यायचेच बाकी राहिले. तो उस्तादांवर कधी चिडला नव्हता, तो त्या दिवशी चिडला.

"उस्ताद, तुम्ही पाडव्याला बाजूला होणार, भोगणार मी," तो म्हणाला. "नाही म्हणायचं होतं तर नुसतं नाही म्हणायचं. कापायची काय गरज होती?"

उस्तादांनी त्याला समोर बसवले.

"नाहीच म्हणायचं होतं रे मला," ते म्हणाले. "पण शेठ बोलत होता तेव्हा मीही मनात तेच करत होतो जे तू करत होतास. गाड्या गेल्या तर पोराचं काय होणार, पाडव्याला त्याच्या हातात देऊ काय. बेल्ट तर धड दिसत होता. आणखी थोडा वेळ गेला असता ना, तर मीच म्हणालो असतो, घाल बाबा परत. शेठला अडवायला नाही कापला मी तो. मला अडवायला कापला."

नवनाथने मान खाली घातली. आपण पाना उचलला होता हे उस्तादांनी पाहिले होते आणि तरी त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते.

"ब्रेक झिजला की ओरडतो," उस्ताद पुढे म्हणाले, "क्लच जळला की वास मारतो. त्यांचे पैसे लोक मुकाट्याने देतात. हा बेल्ट मरेपर्यंत चांगलाच दिसतो, म्हणून त्याचा खर्च जिवावर येतो. माणसाचंही तसंच आहे. आज वाकला, उद्या वाकला, तरी वरून धडच दिसतो. आणि ज्या दिवशी तुटतो, त्या दिवशी मागे वऱ्हाड बसलेलं असतं."

पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. पाडवा आला, गॅरेज नवनाथचे झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठजींचे दिवाणजी दारात उभे राहिले. शेठजींचा राग म्हाताऱ्यावर होता, तुमच्यावर नाही, ते गोड आवाजात म्हणाले. तुम्ही आता मालक. उद्यापासून सगळ्या गाड्या पुन्हा इकडे येतील. अट एवढीच, की काय बदलायचे आणि काय नाही ते शेठजी ठरवतील.

उस्ताद बाकावरच होते. त्यांनी मुद्दाम रस्त्याकडे पाहिले. आज उत्तर त्यांचे नव्हते.

नवनाथला आपले मन पुन्हा कामाला लागलेले जाणवले. घरभाडे, मुलाची शाळा, रिकामे पडलेले गॅरेज, आणि त्यामागून हळूच तीच समजूत: यंदाचं वर्ष निघू दे, मग पाहू. ती पूर्ण व्हायच्या आत तो गॅरेजच्या दारात आला. समोरच्या टपरीवर दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर चहा घेत उभे होते. त्यांना स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो दिवाणजींना म्हणाला:

"शेठजींना माझा नमस्कार सांगा. गाड्या खुशाल पाठवा म्हणावं. पण काय झिजलंय ते मी ठरवणार. आणि हे मी सगळ्यांसमोर सांगतोय, दिवाणजी, म्हणजे उद्या मला मागे फिरता येणार नाही."

दिवाणजी निघून गेले. उस्तादांनी शिष्याकडे पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केले. शिकवण्यासारखे त्यांच्याजवळ आता काही उरले नव्हते.

मग शेठजींच्या गाड्या आल्या का, असे ही गोष्ट ऐकणारे हमखास विचारतात. आल्या नाहीत. नवनाथने त्यांची वाटही पाहिली नाही.