बेंदराचा रंग

हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला होता, तरी माणूस गेला कसा? संताजी हे भेटेल त्याला विचारायचा. पोलिसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, तेराव्याला जेवायला आलेल्या पाहुण्यांनाही विचारलं. कोणी नशीब म्हणालं, कोणी पाठीवरून हात फिरवला. उत्तर कोणी दिलं नाही.

एका गावात जोतिराम आणि संताजी असे दोन भाऊ होते. थोरल्या जोतिरामचा हात रंगात बसलेला होता. बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आला की लोक आपले बैल त्याच्या दारात आणून उभे करायचे. तो काचेच्या तुकड्यानं खरवडून शिंगं साळायचा. गेल्या वर्षीचा रंग थिनरच्या बोळ्यानं पुसायचा आणि नवा चढवायचा. शेवटी डब्यात थोडा रंग उरायचा. तो वाया कशाला घालवा? मग तो आपलं हेल्मेट त्याच बोळ्यानं पुसून, त्याच रंगानं रंगवायचा. मिरवणुकीत त्याच्या घरच्या बैलांची शिंगं आणि मालकाचं डोकं एकाच रंगाचं असायचं.

"जोत्या, बैल कुठला आणि मालक कुठला, कळू दे की जरा!" लोक ओरडायचे.

"शेपूट बघा, शेपूट!" जोतिराम सांगायचा.

थंडीच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीला चुकवताना त्याची मोटरसायकल घसरली. हेल्मेट घरी परत आलं. तो आला नाही.

घर थांबून चालत नाही. जोतिरामची बायको पद्मिनी मोटरसायकल चालवायला शिकली आणि दुधाचे कॅन डेअरीवर पोचवू लागली. रस्ता तोच होता. बेंदूर जवळ आला, तेव्हा ती दिराला म्हणाली, "भावजी, मला त्यांचंच हेल्मेट द्या. नुसते चरे पडलेत. तुम्ही रंग दिलात की झालं."

"आत्ता देतो, वहिनी," संताजी म्हणाला. त्याचं सगळं असं आत्ताच असायचं. विचार मागून यायचा.

त्यानं गोठ्यातून थिनरची बाटली आणली, बोळा भिजवला आणि हेल्मेट घासायला घेतलं. थिनर ओघळून काठावरून आत गेलं. आत पांढरा थर्माकोल होता. ओघळ लागला तशी तिथं खाच पडली. चहात टाकलेल्या साखरेसारखा थर्माकोल बघता बघता विरघळला.

संताजीचा हात थांबला. त्यानं आतलं मऊ अस्तर ओढून काढलं आणि हेल्मेट उजेडात धरलं. थर्माकोल जागोजागी खाल्लेला होता. एका बाजूला तर मूठ बसेल एवढी पोकळी होती. त्या पोकळीत रंगाचे ओघळ वाळलेले होते. गुलाबी. निळा. पिवळा. एकेका बेंदराचा एकेक.

ते ओघळ कोणाच्या हातचे होते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्यानं अस्तर परत बसवलं. वरून रंग दिला, दादानं शेवटच्या बेंदराला दिला होता तसाच पिवळाधमक. हेल्मेट नव्यासारखं झालं. आता आत कोण बघणार होतं? दादाचं नावही शाबूत राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी पद्मिनीनं हेल्मेट घातलं. आरशात पाहून ती हसली. त्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं होतं. "बैल कुठला आणि मालक कुठला, आता मलाच कळेना," ती म्हणाली आणि तिनं मोटरसायकलची चावी उचलली.

संताजी धावला. त्यानं तिच्या डोक्यावरचं हेल्मेट ओरबाडून काढलं.

"अरे, वेड लागलं का तुला?" दारातून संताजीची आई ओरडली.

त्यानं अस्तर टराटरा फाडलं आणि हेल्मेट दोघींसमोर धरलं. "हे बघा. बाहेरचं फक्त कवच आहे. मार झेलतो तो हा थर्माकोल. दादानं दर बेंदराला तो थिनरनं विरघळवला. आणि मी हे बघूनसुद्धा वरून रंग दिला."

"गेलेल्या लेकाला दोष लावतोस?" आईचा आवाज फाटला. "तो परत येऊन बोलणार नाही, म्हणून?"

 पद्मिनीनं त्या पोकळीत बोटं घातली. ती त्या ओघळांवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "हे धड असतं, तर ते वाचले असते, भावजी?"

आजवर जो प्रश्न तो सगळ्यांना विचारत होता, तो आता त्याच्याच दारात उभा राहिला.

"माहीत नाही, वहिनी," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? पण हे मी तुमच्या डोक्यावर जाऊ देणार नाही."

दोघं तालुक्याला जाऊन नवं हेल्मेट घेऊन आले. दुकानदारानं स्वच्छ सांगितलं, एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. संताजीनं त्याच्याकडून कंपनीच्या सूचना वाचून घेतल्या, या कवचाला कोणता रंग चालतो ते विचारलं आणि पाण्यात मिसळणारा तोच रंग आणला. घरी आल्यावर त्यानं आधी काच आणि अस्तर काढलं. काठावर कागदी पट्टी चिकटवली, म्हणजे आत थेंब जायला नको. कवच साबणाच्या पाण्यानं धुतलं, पुसून कोरडं केलं आणि पातळ हात दिले. प्रत्येक हात पडवीत सावलीला वाळू दिला. घाईचा माणूस तो, पण त्या कामात एकदाही त्यानं घाई केली नाही. थिनरची बाटली गोठ्यातच राहिली.

बेंदराला त्यानं बैलांची शिंगं दादासारखी साळली आणि तसाच पिवळा रंग दिला. पद्मिनी नवं पिवळं हेल्मेट घालून दुधाला निघाली. आई उंबऱ्यात उभी होती. "पट्टा नीट लाव गं," एवढंच ती म्हणाली.

मग संताजी जुनं हेल्मेट घेऊन गोठ्यात गेला. गावात ते कोणीही मागितलं असतं. जोतिरामची आठवण म्हणून हौसेनं घातलंही असतं. त्यानं पट्टे कापले. हेल्मेट गुडघ्याखाली दाबून धरलं आणि करवतीनं मधोमध कापलं. दोन तुकडे दोन बाजूंना पडले. दादासाठी करायचं एवढंच काम उरलं होतं.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची चूक आपण मायेपोटी झाकली, तर ती जिवंत असलेल्या आपल्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. रंग देण्याआधी आत पाहावं, आणि जे दिसेल ते सांगावं.